परांचीची तपासणी आणि खराब मालाचा निकाल: बडोद्यातल्या साइटसाठी

पाऊस ओसरला की बडोद्यात रंगाची आणि प्लास्टरची घाई सुरू होते. दिवाळीच्या आत काम उरकायचं म्हणून मांजलपूरपासून कारेलीबागेपर्यंत सोसायट्यांना एकदमच परांच्या लागतात. गोदामातला चांगला माल आधी उचलला जातो आणि उशिरा गेलेल्याच्या वाट्याला उरलासुरला येतो. तोच माल मग पाच मजले उभा राहतो आणि त्यावर माणसं चढतात. म्हणून तपासणी परांची उभी झाल्यावर करायची ही सवय सोडा. ती माल उतरतानाच सुरू करायची. उभ्या परांचीत अडकलेला एक वाकडा पाईप काढायला अर्धा दिवस जातो. जमिनीवर तोच पाईप बाजूला करायला अर्धं मिनिट पुरतं.

हे छोट्या ठेकेदारांसाठी, सुपरवायझर आणि मुकादमांसाठी आहे. काम देणाऱ्या सोसायटीच्या कमिटीनेही वाचावं, कारण परांचीखालून येजा त्यांच्याच घरच्यांची असते. आयएस ३६९६ (भाग १, १९८७) ही परांचीच्या सुरक्षिततेची आणि आयएस ४०१४ ही लोखंडी पाईपच्या परांचीची भारतीय मानकं आहेत. मोठं काम घेणाऱ्याने ती जवळ ठेवावीतच.

माल उतरताना

दोन माणसं फक्त निवडायला ठेवा. त्यांना उचलाउचलीचं काम सांगू नका, नाहीतर निवडणं राहून जातं. सोबत द्यायच्या वस्तू: ओळंब्याची बारीक दोरी, व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन), तारेचा ब्रश, अर्ध्या किलोचा हातोडा, हुक असलेला वजनकाटा, क्लॅम्पच्या नटाला बसणारा साधारण २५० मिमी लांबीचा पाना, खडू, आणि लाल व पिवळ्या रंगाचा एकेक छोटा डबा.

पाईपपासून सुरुवात करा. परांचीचा पाईप बाहेरून ४८.३ मिमी, म्हणजे बाजारात ज्याला दीड इंची म्हणतात तो. जाडी ए क्लासची २.९, बी क्लासची ३.२ आणि सी क्लासची ४.० मिमी. उभ्या खांबाला बी क्लासच्या खाली जाऊ नका. जुन्या पाईपवर क्लास ओळखू येत नाही, रंगाचा पट्टा केव्हाच उडालेला असतो. अशा वेळी वजन करा. सहा मीटरचा बी क्लास पाईप नवा असताना साधारण २१.४ किलो भरतो, सी क्लास २६.२ आणि ए क्लास १९.५. आधी पाईपवरचं सिमेंट खरवडून काढा, नाहीतर काटा खोटं बोलतो. बी क्लास म्हणून आलेला पाईप १९ किलोच्या आसपास भरला, तर एक तर तो मुळात ए क्लासचा आहे किंवा गंजाने दहा टक्क्यांहून जास्त लोखंड खाल्लं आहे. कारण कुठलंही असो, तो खांबाला नको.

गंज बाहेरून दिसतो त्यापेक्षा आतून जास्त असतो, आणि तोही खालच्या हातभर भागात, कारण तिथे पाणी साचतं. टोकात बॅटरी मारून आत पाहा. आतून पापुद्रे सुटत असतील तर हातोड्याने टोकापासून वर ठोकत जा. पाईप पातळ झाला असेल तिथे आवाज भद्द येतो. तेवढा भाग कापून टोकाची जाडी व्हर्नियरने मोजा. ३.२ च्या पाईपला २.९ च्या खाली जाडी आली की तो खांबातून बाद. नंदेसरी, कोयलीच्या बाजूला रासायनिक कारखान्यांच्या शटडाऊनला वापरलेला माल पुढे शहरातल्या साइटवर भाड्याने फिरतो. आम्ल आणि क्षाराच्या वाफेत राहिलेल्या लोखंडावर बारीक खड्डे पडतात. असा माल आला की नमुना म्हणून चार पाईप न तपासता अख्खा गठ्ठा तपासा.

वाक बघायला पाईप सपाट कोब्यावर लोळवा. सरळ पाईप एकसारखा जातो, वाकडा अडखळत जातो. शंका आली तर दोन टोकांना दोरी ताणून मधलं अंतर मोजा. सहा मीटरला १० मिमीपर्यंत चालवून घेता येतं, त्यापुढे तो खांबाला वापरू नका. कारण साधं आहे. खांबावर वरून दाब असतो. पाईप आधीच एका बाजूला झुकलेला असला तर वर ठेवलेलं प्रत्येक किलो तो वाक वाढवतं, आणि एका मर्यादेनंतर पाईप हळूहळू वाकत नाही, एकदम मोडून पडतो. तोच पाईप मीटर-दीड मीटरचे तुकडे करून आडव्याला बिनधास्त वापरता येतो. मात्र तापवून सरळ केलेला पाईप घेऊ नका. काळपट-निळसर डाग आणि उडालेला रंग यांवरून तो ओळखू येतो.

पोचा अंगठ्याने तपासा, डोळ्यांनी चुकतो. ५ मिमीपेक्षा खोल पोचा, चेपून अंडाकार झालेली जागा, गॅसने किंवा ड्रिलने पाडलेलं भोक, वेल्डिंगचं ठिगळ, कुणी अर्थिंग लावून उडवलेले वेल्डिंगचे चटके, यातलं काहीही दिसलं की त्या जागेच्या दोन्ही बाजूंना वीतभर सोडून तेवढा भाग कापून टाका. टोक चौकोनी कापलेलं हवं. दोन पाईप जोडपिनेवर एकावर एक बसतात तेव्हा वजन टोकाच्या कडेतून खाली जातं. टोक तिरकं असेल तर सगळा भार एकाच बाजूने जातो आणि सांध्यापाशी खांब तुटक्या रेषेत दिसू लागतो.

क्लॅम्प

पाईपपेक्षा क्लॅम्पकडे जास्त वेळ द्या. पाईप खराब झाला तर बहुतेक वेळा दिसतो. क्लॅम्प खराब असला तरी पाईपवर बसल्यावर चांगल्यासारखाच दिसतो. आणि क्लॅम्पची सगळी पकड घर्षणाची असते. त्यात आकडा नाही, खोबणी नाही, फक्त आवळलेलं लोखंड.

प्रत्येक क्लॅम्प हातात घ्या. नट बोटांनी पूर्ण लांबी फिरला पाहिजे. अडत असेल तर आट्यात सिमेंट आहे किंवा आटे गेलेत. सिमेंट असेल तर तारेच्या ब्रशने साफ करा, थोडं तेल द्या. आटे चेपलेले, झिजलेले असतील तर बोल्ट बदला, पण त्याच जातीचा टी-बोल्ट घाला. हार्डवेअरच्या दुकानातला साधा षटकोनी बोल्ट घालून चालवलेला क्लॅम्प फार दिसतो. त्याचं डोकं खाचेत नीट बसत नाही, आवळताना फिरतं, आणि आवळलं गेलंय असं वाटतं तेवढंच.

मग झडप, म्हणजे पाईपवर मिटणारी क्लॅम्पची पाकळी, बघा. फाकलेली झडप पाईपच्या गोलाईला टेकत नाही, दोन कडांवरच बसते. पाईपच्या तुकड्यावर क्लॅम्प बसवून प्रकाशाकडे धरलात तर मधली फट दिसते. बिजागरीची पिन हलवून पाहा. फिरत्या क्लॅम्पचा मधला रिवेट हातात धरून दोन्ही अर्धी वरखाली खेचा. फिरणं ठीक आहे, खडखड वाजणं ठीक नाही. नटावर किंवा झडपेच्या वाकावर बारीक तडा असला तर तो कोरड्या क्लॅम्पवर दिसत नाही. तेल लावून पुसून टाका. तड्यात राहिलेलं तेल थोड्या वेळाने काळ्या रेघेसारखं वर येतं.

क्लॅम्प किती आवळायचा यावर साइटवर दोन टोकाच्या सवयी दिसतात: एक जण हाताने फिरवून सोडतो, दुसरा पान्याला पाईप अडकवून लोंबकळतो. पहिला क्लॅम्प घसरतो, दुसऱ्याचा बोल्ट ताणला जातो आणि झडप फाकते. हवा आहे ५० न्यूटन-मीटर, म्हणजे २५० मिमीच्या पान्याच्या टोकाला साधारण २० किलोचा जोर. हा जोर सांगून कळत नाही, हाताला शिकवावा लागतो. पान्याच्या टोकाला वजनकाट्याचा हुक अडकवून २० किलो दिसेपर्यंत ओढायला लावा. चार-पाच वेळा केलं की हाताला अंदाज बसतो. नव्या माणसाला परांचीवर पाठवण्याआधी ही दहा मिनिटं द्याच. रंग, ग्रीस किंवा शटरिंगचं तेल लागलेल्या पाईपवर हाच जोर पुरत नाही, म्हणून क्लॅम्प बसायची जागा पुसून घ्या. आवळल्यावर क्लॅम्पच्या खालच्या कडेला पाईपवर खडूची रेघ मारा. दुसऱ्या दिवशी रेघ आणि कड यांत फट दिसली, तर क्लॅम्प घसरतोय.

गठ्ठ्यात ४२.४ मिमीचा पाईप मिसळून आला असेल तर तो वेगळा काढा. ४८.३ च्या क्लॅम्पमध्ये तो कितीही आवळला तरी धरत नाही, आणि नुसत्या नजरेला फरक कळत नाही.

कपलॉक, जॅक, फळ्या, बांबू

कपलॉकच्या, म्हणजे क्लॅम्पऐवजी कपांनी जोडायच्या परांचीच्या, खांबावर खालचा कप वेल्डिंगने बसवलेला असतो आणि वरचा सरकता. खालच्या कपाच्या वेल्डिंगभोवती बोट फिरवा आणि तारेच्या ब्रशने साफ करून बघा. तडा असला तर तो खांब बाजूला. साइटवर त्याला वेल्डिंग मारून घेऊ नका. घाईत, गंजलेल्या लोखंडावर मारलेला टाका वरून छान दिसतो आणि खाली धरलेला नसतो. वरचा कप सहज सरकला आणि फिरला पाहिजे. लेजरच्या (आडव्या पाईपच्या) पात्या झिजून धारदार झाल्या असतील किंवा वाकल्या असतील तर कप बसतो पण सांधा डुलतो. हातोड्याच्या एक-दोन टोल्यांत कप लागला पाहिजे. लागल्यावर हाताने फिरत असेल तर तो लागलेला नाही.

जॅकचा, म्हणजे खांबाखाली उंची जुळवणाऱ्या स्क्रूचा, दांडा सरळ हवा, आटे पूर्ण हवेत आणि हँडलच्या नटाला तडा नको. आडवा ठेवून बघा, प्लेट दांड्याला काटकोनात आहे ना. जॅक वर केल्यावर निदान १५० मिमी दांडा पाईपच्या आत राहायलाच हवा. शेवटच्या आट्यापर्यंत बाहेर काढलेला जॅक उताराच्या प्लॉटवर हमखास सापडतो.

लाकडी फळी ३८ मिमी जाड आणि साधारण २२५ मिमी रुंद धरा. तिला दर दीड मीटरला आधार हवा. टोकाचा तडा वीतभराहून लांब गेला असेल तर तेवढं टोक कापा. आडवा तडा, कुजलेली मऊ जागा, कडेला मोठी गाठ असेल तर फळी बाद. रंगवलेली फळी भाड्याने घेऊ नका, कारण रंगाखाली काय आहे ते कळत नाही. फळीवर उड्या मारून ताकद तपासायची पद्धत फार जुनी आणि फार वाईट आहे. फळी त्या वेळी टिकते, पण आत तडा पडतो आणि तो पुढच्या माणसाखाली उघडतो. लोखंडी चालीचे (पत्र्याच्या फळीचे) हुक, हुकांचं वेल्डिंग आणि पोटाखालची पट्टी बघा. वर साठलेला सिमेंटच्या मसाल्याचा थर खरवडून काढा. त्याखाली गंजाने पडलेली भोकं असतात आणि थराचं स्वतःचं वजनही कमी नसतं.

जुन्या शहरात, मांडवी-रावपुऱ्याच्या अरुंद पोळांमध्ये अजून बांबूची पालख (परांची) बांधतात आणि तीन मजल्यांच्या रंगकामाला ती ठीक आहे, जर बांबू पिकलेला आणि दोरी नवी असेल. हिरवट, ओला बांबू वाळताना आक्रसतो आणि गाठी सैल होतात. गाठीच्या जवळ पिवळसर भुकटी दिसली तर आत भुंगा आहे. लांबीने फाटलेला बांबू खांबाला नको. सुंभ दर हंगामाला नवं घ्या. मे महिन्याच्या बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत ते कडक होतं, पहिल्या पावसात फुगतं आणि पुन्हा वाळल्यावर ढिलं पडतं.

खराब मालाचं काय करायचं

सगळ्यात जास्त अपघात इथून निघतात, म्हणून जरा सविस्तर. निवडताना तीन ढीग करा. चांगला माल एकीकडे. दुरुस्त होण्यासारखा, म्हणजे टोक कापून चालणारा पाईप, बोल्ट बदलून चालणारा क्लॅम्प, हा पिवळ्या खुणेने दुसरीकडे. कायमचा बाद झालेला लाल खुणेने तिसरीकडे. लाल खूण करताना नुसता पट्टा ओढू नका. सी क्लासच्या पाईपला कारखान्यातूनच लाल पट्टा येतो आणि घोटाळा होतो. टोकापासून हातभर पाईप पूर्ण रंगवा आणि मध्यावर फुली मारा.

ढीग नुसता भिंतीकडे सरकवून ठेवला तर तो बाद झाला असं समजू नका. संध्याकाळी एक पाईप कमी पडतो, अंधार पडत आलेला असतो, आणि नव्या गड्याला कुणी सांगितलेलं नसतं. तो भिंतीकडचा पाईप उचलतो. माल स्वतःचा असेल तर त्याच दिवशी ग्राइंडरने मधोमध कापून मीटरभराच्या आतले तुकडे करा. क्लॅम्पची झडप कापा, फळी करवतीने दोन करा, जॅकचा दांडा कापा. मगच भंगारवाल्याला द्या. अख्खा पाईप भंगारात गेला तर तो चार महिन्यांनी रंग लावून पुन्हा बाजारात येतो. कापताना गॉगल आणि हातमोजे हवेतच. जस्त चढवलेला पाईप गॅसने कापू नका, तो धूर छातीला वाईट. ग्राइंडर वापरा आणि मोकळ्यावर कापा.

माल भाड्याचा असेल तर मालकाला विचारल्याशिवाय कापता येत नाही. रंगवून, दोन्ही टोकांना तारेने गठ्ठा बांधून, कुलपाखाली किंवा निदान पत्र्याच्या कुंपणाआड ठेवा. फोटो काढून त्याच दिवशी गोदामाला पाठवा आणि चलनावर "खराब आला, वापरला नाही" असं नगांसह लिहून ड्रायव्हरची सही घ्या. हे न केल्यास तोच माल परत करताना मोडतोडीचे पैसे तुमच्या डिपॉझिटमधून जातात. बरेच ठेकेदार या भीतीनेच खराब पाईप मुकाट्याने परांचीत घालून टाकतात. सही घेतली की ती भीती उरत नाही.

उभी परांची

उभी परांची तपासायची ती पहिल्यांदा चढण्याआधी, मग दर सात दिवसांनी, आणि यांव्यतिरिक्त: वादळ किंवा मुसळधार पाऊस झाल्यावर, कुणी काही काढलं-जोडलं तर, ट्रॅक्टर किंवा मिक्सरची गाडी घासली तर, आणि मोठ्या सुट्टीनंतर. बडोद्यात दोन सुट्ट्या विसरू नका. होळीला दाहोद, झाबुआ, आलिराजपूरचे मजूर गावी जातात आणि परांची आठ-पंधरा दिवस एकटी उभी असते. खालच्या टप्प्यावरचे क्लॅम्प त्या काळात चोरीला जातात. दुसरी उत्तरायणाची, म्हणजे संक्रांतीची. पतंग लुटायला पोरं परांचीवर चढतात. १३ जानेवारीच्या संध्याकाळी पहिल्या टप्प्याची शिडी काढून आत ठेवा, खालचा टप्पा जाळीने बंद करा, आणि काम सुरू करण्याआधी दोऱ्यांत व सेफ्टी बेल्टच्या पट्ट्यांत अडकलेला मांजा काढून ती जागा घासली गेलीय का ते बघा.

सकाळी, माणसं चढण्याआधी तपासा. आधी रस्त्यापलीकडे जाऊन पूर्ण परांची नजरेखालून घाला. खांब सरळ रेषेत आहेत का, कुठे पोट आलंय का, हिरवी जाळी कुठे फुगलीय का. मग पायापासून फेरी मारा, मग टप्प्याटप्प्याने वर.

पाया बघताना गुडघ्यावर बसा. शहराच्या बऱ्याच भागात काळी माती आहे. ती पावसात फुगते आणि लोण्यासारखी होते, मार्चनंतर भेगाळते. तिच्यावर थेट बेस प्लेट ठेवली तर एक खांब बोटभर खाली जातो आणि त्याचा भार शेजारच्या दोघांवर येतो. मुरूम टाकून दाबा, त्यावर निदान दोन खांबांखाली जाईल एवढी लांब फळी आणि तिच्यावर प्लेट. विटा, पेव्हर, टाइल्सचे तुकडे यांचा आधार नको, ते दाबाखाली फुटतात. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीच्या पुराचं पाणी ज्या सखल भागांत साचलं, तिथे फळीखालची माती वाहून जाऊन फळी वरून जागच्या जागी दिसते पण खाली पोकळ असते, अशी जागा फळीच्या बाजूने सळई खुपसून बघावी लागते. सळई सहज आत गेली तर परांची बंद करून पाया पुन्हा करा.

खांबाला ओळंबा लावा. दोन मीटर उंचीत २० मिमीपेक्षा आणि पूर्ण उंचीत ५० मिमीपेक्षा जास्त फरक नको. शेजारशेजारच्या खांबांचे सांधे एकाच पातळीवर आले असतील तर ते बदलायला सांगा. तिरके पाईप पायापासून वरपर्यंत अखंड जातात का पाहा. सर्वात जास्त वेळा हेच गायब असतात, कारण प्लास्टरवाल्याला ते आड येतात आणि तो एक सोडवून ठेवतो. तिरक्याचा क्लॅम्प उभा आणि आडवा पाईप मिळतात त्या सांध्यापासून ३०० मिमीच्या आत हवा.

भिंतीला धरणारे टाय मोजा. साधारण ३२ चौरस मीटरला एक, म्हणजे उंचीत ४ मीटरला आणि लांबीत ८ मीटरला. हिरवी जाळी लावली असेल तर ती वारा धरते, तेव्हा २५ चौरस मीटरला एक धरा. मे-जूनमधल्या वळिवाचा वारा पाच मिनिटांचा असतो आणि जाळी लावलेली, कमी टायची परांची तेवढ्यात भिंतीपासून सुटते. खिडकीच्या ग्रिलला, पावसाच्या पाईपला, गॅलरीच्या कठड्याला बांधलेला टाय टाय म्हणून मोजू नका. जुन्या चुन्याच्या भिंतीत ठोकलेला बोल्ट धरत नाही. तिथे खिडकीतून पाईप आत घेऊन आतल्या बाजूने आडवा पाईप लावा. खिडकीच्या चौकटीत जॅकने दाबून बसवलेले टाय आठवड्याला एकदा पुन्हा आवळा, कंपनाने ते सैल होतात.

मचाणावर फळी आधारापुढे ५० मिमीपेक्षा कमी आणि १५० मिमीपेक्षा जास्त येऊ नये; कमी असली तर निसटते, जास्त असली तर टोकावर पाय पडताच उचलते. कठडा मीटरभर उंचीवर, मध्ये एक आडवा पाईप, खाली १५० मिमीचा टो-बोर्ड (कडेची उभी फळी). टो-बोर्ड नसेल तर पहिली पडणारी वस्तू थापी असते. शिडी चारास एक या उतारात, वरच्या मचाणापुढे मीटरभर आलेली, दोन्ही बाजूंनी बांधलेली.

वजनाचा हिशेब मुकादमाला तोंडपाठ हवा. हलक्या कामाची परांची चौरस मीटरला १५० किलो धरते. दोन मीटर बाय १.२ मीटरच्या एका घरात (चार खांबांमधल्या जागेत) म्हणजे ३६० किलो. दोन माणसांचे दीडशे गेले, उरले २१०, म्हणजे सिमेंटच्या चार गोण्या, वर काही नाही. शंभर विटांचं वजन तीनशे किलोच्या आसपास जातं. त्या रचायच्या तर घरं लहान करा आणि एकावेळी एकाच मचाणावर माल ठेवा. विजेची तार पाच मीटरच्या आत असेल तर वीज कंपनीकडून लाइन बंद करून घेतल्याशिवाय त्या बाजूला पाईप उचलू नका. सहा मीटरचा पाईप उभा करताना त्याचं वरचं टोक कुठे जातंय ते खालच्या माणसाला दिसत नाही.

उभ्या परांचीत खराब भाग सापडला तर

आधी सगळ्यांना उतरवा, माल उतरवा, शिडी काढा, लाल पाटी लावा. पाटीवर रंग आणि फुली ठळक असू द्या आणि मजकूर गुजराती व हिंदी दोन्हीत लिहा. साइटवर मराठी वाचणारे फार थोडे असतात, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला लाल फुली कळते.

नियम एकच: नवीन आधी लावायचं, जुनं नंतर काढायचं, आणि एकावेळी एकच. खांब वाकला असेल तर त्याच्या शेजारी दुसरा पाईप उभा करा, स्वतःच्या प्लेटवर आणि फळीवर, खराब जागेच्या खालच्या आणि वरच्या दोन्ही टप्प्यांच्या आडव्या पाईपांना क्लॅम्पने जोडा, क्लॅम्प ५० न्यूटन-मीटरला आवळा. मगच जुन्याचे क्लॅम्प सैल करा आणि सैल करताना खांब किती सरकतो ते बघा. झटका बसला तर भार अजून त्याच्यावर आहे, पुन्हा आवळा आणि आधार वाढवा. वाकलेला खांब सर्वांत खालच्या टप्प्यात असेल किंवा शेजारशेजारचे दोन वाकले असतील तर हा उद्योग करू नका. वरून खाली तेवढा भाग उतरवणं हाच सुरक्षित मार्ग आहे, दिवस गेला तरी. टाय बदलताना नवा टाय एका हाताच्या अंतरात लावून मगच जुना सोडा. हे काम करणाऱ्यांनी पूर्ण हार्नेस घालावा आणि तो मुख्य खांबाच्या सांध्याला अडकवावा, कठड्याला नाही. ज्या हार्नेसने एकदा पडणाऱ्याला धरलंय तो दिसायला चांगला असला तरी कापून टाका.

नोंद एका वहीत ठेवा. तारीख, कुठली बाजू, कुठला टप्पा, काय सापडलं, काय केलं, कुणी केलं, पुढची तपासणी कधी. "ठीक आहे" एवढंच लिहिलेलं पान उपयोगाचं नाही. "पूर्व बाजू, तिसरा टप्पा, चौथा खांब: क्लॅम्प घसरला, झडप फाकलेली, बदलला, जुना कापला" असं लिहा. एकाच जागी दोनदा क्लॅम्प घसरल्याची नोंद दिसली तर क्लॅम्पमध्ये दोष शोधत बसू नका, तिथे वर जास्त माल ठेवला जातोय किंवा पाया बसतोय. लाल पाटी ज्याने लावली त्यानेच ती काढायची. तो साइटवर नसेल तर त्याला फोन करा, आणि तो येईपर्यंत त्या बाजूचं काम थांबवून माणसांना दुसऱ्या बाजूला लावा.